काळी एकपर्यंत उतरवलेलं गाणं

कोंडीराम नावाचा माणूस ढोलकीच वाजवत असणार, असं लोक धरून चालायचे. लाल इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून स्टेजच्या कडेला उभा असलेला काळ्या चष्म्यातला सडपातळ माणूस म्हणजेच कोंडीराम, हे निवेदकानं सांगितलं की पुढच्या रांगेत हमखास हशा पिकायचा. शेवटी ऑर्केस्ट्रा पार्टीच्या मालकानं हँडबिलावर ‘के. राम, लीड गिटार’ असं छापून टाकलं. पौर्णिमाच्या बाबांना ते लागलं. "माझ्या आईनं नाव काय तोंड लपवायला ठेवलं होतं?" असं ते म्हणाले होते म्हणे. पण हँडबिलं वाटून झाली होती, आणि खालापूरपासून कर्जतपर्यंतच्या गावांत, जयंतीला नि हळदीला, ते के. रामच राहिले.

हे सगळं पौर्णिमाच्या ऐकिवातलं. तिच्या आठवणीतले बाबा रसायनीच्या कंपनीतून दुसरी पाळी संपवून मोहोपाड्याच्या क्वार्टरमध्ये परतायचे आणि जेवण झाल्यावर गिटारच्या खुंट्या पिळत बसायचे. ऑर्केस्ट्रा तिच्या शाळेच्या दिवसांतच मोडत चालला होता. गायक खिशात पेनड्राइव्ह घेऊन यायला लागले. गाण्यातली सगळी वाद्यं त्यात आधीच भरलेली, वर नुसतं गायचं. त्याला ट्रॅक म्हणायचे. आधी बासरीवाला गेला, मग अकॉर्डियनवाला. चौकच्या एका हळदीत मालक बाबांना म्हणाला, "कोंडीराम, तुमी नुसते उभे राहा. स्टेज भरलेलं दिसतं." बाबांनी गिटारची वायर काढली, गुंडाळली, पिशवीत टाकली आणि एसटीच्या थांब्यावर येऊन उभे राहिले. त्यानंतर ते स्टेजवर चढले नाहीत.

आणि गंमत अशी, की निवृत्त होऊन दहिवलीला घर बांधल्यावर त्याच माणसानं त्याच ट्रॅकशी संसार मांडला.

मागच्या खोलीत पौर्णिमाचा जुना कॉम्प्युटर होता. तिनंच त्यांना तळहाताएवढी एक डबी आणून दिली होती. डबीत एकीकडून गिटारची वायर जायची, दुसरीकडून निघालेली कॉम्प्युटरला. कानांवर हेडफोन. गिटारची जागा मोकळी ठेवलेले ट्रॅक आता मिळायला लागले होते. बाकीची वाद्यं वाजत राहायची आणि मधल्या मोकळ्या जागेत बाबा आपली गिटार भरायचे. जुन्या गाण्यांच्या चाली, गायकाच्या ऐवजी तारांवर. गाणं पुरं झालं की फोनवरून नातेवाइकांना पाठवायचे आणि खाली लिहायचे, ‘कोंडीराम, दहिवली’.

त्यांचा एक हट्ट होता. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात वाजवायचं. मध्ये चूक झाली तर सगळं टाकून परत सुरुवात.

"बाबा, चुकला तेवढाच तुकडा परत वाजवा ना," पौर्णिमानं एकदा सांगून पाहिलं होतं. "कॉम्प्युटर जोडून देतो. सगळे तसंच करतात."

"स्टेजवर लोकांना सांगणार का, थांबा, एवढं पुसा म्हणून?"

"इथं कुठं स्टेज आहे?"

"इथं तुझी आई हाय," बाबा म्हणाले. "आणि जोडलेलं गाणं म्हणजे गोधडी गं. अंगावर घ्यायला बरी."

मग बाबांचं दुखणं निघालं. औषधांनी ते आटोक्यात येईल असं डॉक्टर म्हणाले, काही महिने तसं वाटलंही. पण त्या औषधांनी बाबांच्या बोटांची टोकं बधिर झाली. चहाचा कप गरम आहे की निवलाय, हे त्यांना तो ओठाला लावल्यावर कळायचं. शर्टाची बटणं आई लावायची. अशा बोटांनी त्यांनी आईच्या आवडीचं गाणं वाजवायला घेतलं.

ते एका जुन्या सिनेमातलं गाणं. पार्टीची गायिका मध्यंतरात साडी बदलायला गेली की रिकामी जागा भरायला बाबा एकट्यानं ते वाजवायचे. नवी नवरी म्हणून आलेल्या सुंदराबाईंनी, म्हणजे आईनं, ते पहिल्यांदा ऐकलं ते खालापूरच्या पटांगणात, बायकांच्या घोळक्यात बसून. "गायिका उशिरा यावी असं वाटायचं," एवढंच ती त्याबद्दल कधीतरी बोलली होती. दहिवलीला आल्यावर बाबांनी इतकी गाणी भरली, पण हे राहून गेलं होतं. आता ते त्याच्या मागं लागले. पौर्णिमा आपल्या शेलूच्या घरून रविवारी यायची तेव्हा मागच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं.

"काय म्हणतात?" ती विचारायची.

"बसलेत," आई सांगायची.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात बाबांनी पौर्णिमाला खूण करून जवळ बोलावलं. आवाज बसला होता. "ते गाणं झालंय," ते म्हणाले. "आईला ऐकव." आई पायाशी बसून मोसंबं सोलत होती. तिनं मान वर केली नाही. एक फोड तेवढी पुढं केली आणि म्हणाली, "खावा."

नंतर बाबा फारसं बोलले नाहीत. त्यामुळे पौर्णिमासाठी ते त्यांचं शेवटचं वाक्य ठरलं. ती एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती, पुष्कळ वाचलेली होती, आणि माणसांच्या शेवटच्या वाक्यांना पुस्तकांत जेवढा अर्थ असतो तेवढा तो एरवी नसतो हे तिला कळत होतं. तरी ते वाक्य तिच्या अंगावर पडलं होतं. बाबांनी एक काम सांगितलं होतं आणि ते तिनं करायचं होतं.

पण आईच ऐकेना. बाबा गेल्यावर पुण्यानुमोदनाचा विधी झाला, तेव्हा विचारलं तर म्हणाली, "आज नको, माणसं हायेत." पावसाळ्यात विचारलं तर डोकं दुखत होतं. दिवाळीच्या सुट्टीत तर ती उठून अंगणातल्या झाडांना पाणी घालायला गेली. पौर्णिमानं मग विचारणं सोडलं. आईला सोसणार नाही, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि खरं सांगायचं तर तिलाही त्या खोलीत जाऊन तो कॉम्प्युटर चालू करायचा धीर झाला नव्हता.

पहिला स्मृतिदिन जवळ आला, तेव्हा भाताची कापणी उरकली होती आणि दहिवलीच्या शेतांत नुसते खुंट राहिले होते. वंदना घ्यायला येणाऱ्या बौद्धाचार्य बुधाजींना पौर्णिमानं भीतभीत विचारलं, की वंदनेनंतर बाबांनी वाजवलेलं गाणं लावलं तर चालेल का.

"न चालायला काय झालं?" बुधाजी हसून म्हणाले. "गिटार लावू नये असं कुठं लिवलंय? लाव. कोंडीरामाला बोलवलं आणि वाजवू दिलं नाय, असं व्हायला नको."

त्या हसण्यानं तिला बळ आलं. तिनं फोन करकरून सगळ्यांना सांगितलं. मोहोपाड्याचे जुने शेजारी, कंपनीतले दोघंचौघं, खालापूरची आत्या. "वेळेवर या. बाबांचं शेवटचं गाणं ऐकवणार आहोत." आणि मग एका सकाळी, आई बाजारात गेलेली असताना, तिनं मागच्या खोलीचं दार उघडलं.

कॉम्प्युटरमध्ये ‘सुंदरा’ नावाचं एक फोल्डर होतं. आत पुष्कळ फाइली, तारखेनुसार एकाखाली एक. तिनं सगळ्यात शेवटची उघडली. ढोलकचा ठेका आला, मागून बासरी, मग गिटार. बाबांचा हात.  पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. त्याच्यानंतर चाल एकदम वर जाते. तिथं बारीक तार बोटानं ओढून सूर चढवायचा असतो आणि चढवलेला धरून ठेवायचा असतो. गिटार त्या चढाशी आली, सूर अर्धा वर गेला, लटपटला आणि तुटला. पुढं गिटार नव्हती.

फाइल खराब झाली असेल म्हणून तिनं ती बंद करून तिच्या आधीची उघडली. तीही तिथंच तुटली. त्याच्या आधीची, त्याच्याही आधीची. ती प्रत्येक वेळी त्या चढापर्यंत ऐकत होती आणि गिटार गेली की बंद करून दुसरी उघडत होती. एकही पुढं जात नव्हती. बाजारातून आलेल्या आईनं बाहेर चपला काढल्याचा आवाज झाला, तेव्हा तिनं घाईनं स्क्रीन बंद केला.

गाणं झालेलं नव्हतं.

बाबा खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. भाजी बिघडली तर बिघडली म्हणायचे, पौर्णिमाची कविता कॉलेजच्या अंकात आली तेव्हा "मला कळली नाय" असं तोंडावर सांगणारे. ते जाताना ‘झालंय’ का म्हणाले? औषधांच्या गुंगीत त्यांना तसं वाटलं असेल का? की आईला एवढं एक पुरं करून दिलं असं मानून जायचं होतं?  तिला एवढंच कळलं, की बाबांचा शब्द आता तिच्या हातात आहे. सगळ्यांसमोर, आईसमोर, तो खोटा पडणार आहे.

ती रुपेशकडे गेली. पार्टी मोडायच्या आधीच्या काळात पोरसवदा रुपेश बाबांच्या शेजारी ऑक्टोपॅड वाजवायचा. आता तो साउंड भाड्यानं द्यायचा आणि दहिवलीतच पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर त्याचा स्टुडिओ होता. गिरणी चालू असली की भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे ट्रेसुद्धा थरथरायचे, म्हणून त्यानं तिला मंगळवारी बोलावलं. मंगळवारी गिरणी बंद.

"या ताई. बघून बसा, नायतर उठताना पांढऱ्या व्हाल," तो खुर्ची झटकत म्हणाला. "कपातपण बघा. माझ्याकडं चहा पितात ते निम्मं पीठच पितात."

तिनं पेनड्राइव्ह दिला. रुपेशनं पहिली काही मिनिटं डोळे मिटून ऐकलं. "दादाच," तो म्हणाला. "असं रेंगाळून ठेक्यावर येणारा दुसरा कुणी नव्हता. मला म्हणायचे, रुपेश, तू चुकलास की आवाज वाढवतोस. मी चुकलो की हळू होतो." गिटार तुटली तसे त्यानं डोळे उघडले. "मग?"

"मग काही नाही. सगळ्या अशाच आहेत."

त्यानं वरची एक लावली, मधली एक लावली, खालची लावली. मग कपाळाला आठ्या घालून शेजारच्या कीबोर्डवर एक एक पट्टी दाबून पाहायला लागला. पौर्णिमाला वाटलं, मशीनमध्ये काही बिघाड आहे.

"ताई, इकडं बघा. ही पहिली फाइल. सुराची पट्टी पांढरी तीन. मूळ गाणं तिथलंच. ही उन्हाळ्यातली, काळी दोन. ही गणपतीतली, पांढरी दोन." त्यानं शेवटची लावली आणि डावीकडं सरकून एक काळी पट्टी दाबली. "आणि ही काळी एक. दादांनी गाणं उतरवत उतरवत आणलंय."

"म्हणजे?"

"तारा सैल केल्या. सैल तारेला बोटाचा जोर कमी लागतो, ओढायलापण हलकी. पण तारा उतरवल्या की ट्रॅकपण तेवढाच उतरवायला लागतो, नायतर एक खाली आणि एक वर. कॉम्प्युटरवर होतं ते. गायकाचा गळा बसला की आमी करतोच. पण गिटारवाल्यानं स्वतःसाठी केलेलं मी पहिल्यांदा बघतोय."

 त्या सकाळी फाइली ऐकताना पौर्णिमालाही नंतरनंतरचं वाजवणं वेगळं वाटलं होतं. खोल, सावकाश, गडद. उतारवयात लेखकांची भाषा कशी निवळत जाते याबद्दल तिनं बरंच वाचलेलं होतं, आणि बाबांचं तसंच काही झालं असेल असं वाटून तिला त्या दुःखातही थोडा अभिमान वाटला होता. ते काहीच नव्हतं. तारा सैल होत्या. बोटं पोचेनात म्हणून बाबा महिन्यामहिन्यानं गाणंच खाली ओढत होते, आणि तरी ते हाताला लागत नव्हतं.

"माझ्याकडं याच गाण्याचा दादांचा जुना पीस हाय," रुपेश म्हणाला. "पार्टीच्या सीडीसाठी वाजवलेला. आख्खा. त्यातला चढापासूनचा शेवट घेऊ, काळी एकला उतरवू आणि इथं बसवू. वाजवणारा तोच, गाणं तेच. खोटं कुठं हाय?"

‘गोधडी’ हा शब्द तिला ऐकू आल्यासारखा झाला. ती खिडकीतून खाली बघत राहिली. बंद गिरणीच्या पायरीवर एक म्हातारी दळणाचा डबा मांडीशी घेऊन बसली होती. मंगळवार आहे हे ती विसरली असावी.

"करा," पौर्णिमा म्हणाली.

काम उरकायला अंधार पडला. रुपेशनं जुना तुकडा उतरवला, त्याची धार मारली, सैल तारेसारखा थोडा मऊ केला. जोड कुठं आहे ते तिला ठाऊक होतं म्हणूनच कळत होतं. सूर अर्ध्यावर येत होता आणि मग न लटपटता वर जाऊन सरळ उभा राहत होता. पुढं शेवटपर्यंत गाणं होतं.

"दादा असते तर शिवी घातली असती," रुपेश मशीन बंद करताना म्हणाला.

"मला?"

"छे, मला. तुमाला कशाला घालतील? तुमी त्यांची लेक."

स्मृतिदिनाच्या आदल्या दुपारी आई स्वयंपाकघराच्या दाराशी ताट घेऊन खिरीचे तांदूळ निवडत बसली होती. पुढच्या खोलीत बाबांचा फोटो पुसून ठेवला होता. पौर्णिमानं लॅपटॉप आणि छोटा स्पीकर आणून आईच्या समोर मांडला.

"आई, आज ऐकायचंच. उद्या एवढ्या माणसांत पहिल्यांदा नको."

आईनं मान वर केली. "सापडलं?"

"सापडलं."

"लाव."

ढोलक सुरू झाला. आई तांदूळ निवडत राहिली. खडे बाजूला, तांदूळ पुढं. गिटार आली तेव्हा बोटं किंचित मंदावली, पण थांबली नाहीत. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्याच्या शेवटी, चाल चढाकडं वळली तशी आई थांबली. तिचा हात ताटावर तसाच अधांतरी राहिला. सूर वर गेला, टिकला, आणि गाणं पुढं निघून गेलं. आईनं झटकन मागच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं, तिथून कुणी बाहेर आल्यासारखं. मग तिनं हात खाली घेतला आणि उरलेलं गाणं पदराचं टोक मुठीत धरून ऐकलं.

संपल्यावर ती म्हणाली, "छान हाय." आणि थोड्या वेळानं, "रुपेशकडनं करून घेतलंस का गं?"

पौर्णिमानं मान हलवली.

"शेवटाची ती बोटं तेव्हाची हायेत," आई म्हणाली. "खालापूरची. मला नाय कळणार?"

"तू तर यातली एकही फाइल ऐकली नव्हतीस."

"ते कानाला लावून बसायचे. त्यांना सगळं ऐकू यायचं, ढोलक काय नि बासरी काय. मला हितं नुसत्या तारा. फणीवर नख फिरवल्यासारखं, टिक टिक. वर्षभर तेवढंच ऐकलं मी. पण गाणं ठाऊक होतं ना. कुठवर आलं ते कळायचं. त्या चढाला आले की माझापण हात थांबायचा. भाकरी करपल्या कितीदा. मग तार गप्प व्हायची. मग मी आपली भाकरी उलटायची. मग परत पहिल्यापासून."

"म्हणजे तुला माहीत होतं? झालं नाही ते?"

"जेवायला यायचे तेव्हा म्हणायचे, होत आलंय. मी म्हणायची, होऊ द्या सावकाश."

"आणि दवाखान्यात?"

"तिथं काय म्हणणार? झालंय म्हणाले. झालं." आईनं ताट मांडीवरून खाली ठेवलं. "तुला सांगितलं होतं ना त्यांनी. तुला खरं वाटलं होतं. मी ऐकायला बसले असते तर तू ते उघडलं असतंस, आणि तुला दिसलं असतं. म्हणून नको म्हणत होते. मी म्हटलं, पोरीजवळ तरी राहू दे पुरं."

पौर्णिमा खाली बसली. दोघी वर्षभर एकच शब्द एकमेकींपासून जपत होत्या. तो आता दोघींच्या मध्ये, तांदळाच्या ताटाशेजारी, पडलेला होता, आणि उचलायला कुणालाच नको होता.

"उद्याचं काय करू?" तिनं विचारलं. "सगळ्यांना सांगून बसलेय. आत्या तर खास त्यासाठी येतेय."

"कॉम्प्युटर बिघडला म्हणून सांग. गाणं झालं होतं, पुसलं गेलं. तिला काय कळतंय कॉम्प्युटरमधलं? दोन शिव्या घालील तुला."

"आणि हे?"

"हे लोकांना ऐकवलेलं त्यांना नसतं चाललं."

"नसतं."

"मग नको." आई उठायला लागली आणि परत बसली. "ते त्यांचं खरं हाय ना, ते शेवटचं? ते लाव. मोठ्यानं. त्यांच्या कानात मागचं काय वाजायचं ते मला कधी ऐकूच आलं नाय."

पौर्णिमानं शेवटची फाइल लावली. पुन्हा ढोलक, पुन्हा बासरी. आई या वेळी गिटार ऐकत नव्हती, मागचं ऐकत होती. बासरी आली तेव्हा मान हलवली, कुठंतरी झांज वाजली तशी "हे पण होतं होय," असं पुटपुटली. चढ आला. सूर अर्धा वर गेला, लटपटला, तुटला. सवयीनं पौर्णिमाचा हात बंद करायला पुढं गेला.

"राहू दे," आई म्हणाली.

गाणं चालूच राहिलं. ढोलक ठेका धरून होता, बासरी आपल्या वेळेला येऊन जात होती, आणि मध्ये गिटारची जागा मोकळी. ती अगदी मोकळीही नव्हती. तिथं घूं असा एक बारीक आवाज होता, आधी नसलेला.

"हे काय घुमतंय?"

"तारांवरचे हात काढले की इलेक्ट्रिक गिटार अशी घुमते. हात लावला की गप्प होते."

"म्हणजे हात काढून बसलेत," आई म्हणाली.

"हो."

पौर्णिमाही हे पहिल्यांदाच ऐकत होती. बाबांनी चूक झाल्याबरोबर ट्रॅक बंद केला नव्हता. चढानंतरचं तिसरं कडवं गेलं, त्याच्या पुढची बासरीची जागा गेली, सगळी वाद्यं एकत्र आली आणि एकेक करून थांबली. तेवढा सगळा वेळ ते घूं तसंच, कमीजास्त न होता, चालू होतं. बाबा मांडीवर गिटार ठेवून, हात बाजूला घेऊन, स्वतःवाचून चाललेलं गाणं शेवटपर्यंत ऐकत बसले होते.

ढोलकची शेवटची थाप विरली. नुसतं घूं राहिलं. मग तेही एकदम थांबलं.

"हात लावला," आई म्हणाली. तिनं ताट परत मांडीवर ओढलं आणि तांदळात बोटं घातली. "आता परत पहिल्यापासून घेतील."

ती शेवटची फाइल होती. तिच्यानंतर फोल्डरमध्ये काही नव्हतं.  पौर्णिमा लॅपटॉपकडं बघत बसली, आणि आई तांदूळ निवडत वाट बघत राहिली.